व्यापाऱ्यांना एकत्र आणणारे शेठ वालचंद हिराचंद



तुमसरच्या धान्य बाजारात किंवा भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानात तुम्ही मुलांना नेता, तेव्हा एखादं मूल नक्की विचारतं, की कामगारांची संघटना असते तशी व्यापाऱ्यांची पण असते का? असते. तिला चेंबर ऑफ कॉमर्स म्हणतात. आपल्या राज्यातल्या अशा एका जुन्या संस्थेची गोष्ट शेठ वालचंद हिराचंद यांच्यापासून सुरू होते.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापूरचा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. कॉलेज अर्धवट सोडलं. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेचे ठेकेदार झाले.

खरी कसोटी समुद्रावर लागली. १९१९ मध्ये भागीदारांसह त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकत घेऊन सिंधिया कंपनी काढली. ५ एप्रिलला ते 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. मग ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पैसा अमाप, शिवाय सरकार त्यांचंच! १९२३ मध्ये सिंधियाला करार करून किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. एवढा मोठा ठेकेदार, पण एकटा पडला की काय होतं, हे मुलांना इथे थांबून समजावून सांगा.

१९२७ मध्ये वालचंदांच्या पुढाकाराने मुंबईत महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाली. मुंबईत १८३६ पासून युरोपीय व्यापाऱ्यांची आणि १९०७ पासून भारतीय व्यापाऱ्यांची चेंबर होतीच. पण मुंबईबाहेरच्या मराठी मुलखातल्या व्यापाऱ्याचं गाऱ्हाणं मांडणार कोण? आपला भंडारा जिल्हा मात्र तेव्हा मध्य प्रांतात होता, महाराष्ट्रात तो १९६० ला आला. (नकाशा दाखवल्याशिवाय मुलांना हे पटत नाही.)

पुढे बंगळूरचा विमान कारखाना, कुर्ल्याची प्रीमियर मोटार, विशाखापट्टणमची गोदी, सगळं त्यांनीच उभं केलं. त्या गोदीतलं 'जलउषा' जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. ८ एप्रिल १९५३ ला शेठजी गेले.

'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल आता राष्ट्रीय सागरी दिन आहे. त्या दिवशी परिपाठात ही गोष्ट जरूर घ्या.