मातीच्या घरांना जगात मान मिळवून देणारे हसन फतही

मे महिन्यात उजनीचं पाणी खाली गेलं की करमाळा आणि इंदापूरच्या काठावर बुडालेली गावं पुन्हा दिसू लागतात. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. कुठे घरांचे चौथरे दिसतात, कुठे पडक्या भिंतीचा तुकडा. जुनी माणसं काठावर उभी राहून लेकरांना सांगतात, आपला उंबरा कुठं होता, गावाचा पार कुठं होता, कबरस्तानाची वाट कुठून जायची.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच वर्षी लाहोरच्या शालीमार बागेत एका समारंभात इजिप्तच्या ८० वर्षांच्या वास्तुविशारदाचा मोठा सन्मान झाला. त्यांचं नाव हसन फतही. योगायोग म्हणा, पण त्यांची हयात ज्या प्रश्नात गेली तोच प्रश्न त्या वर्षी उजनीकाठच्या लोकांपुढे उभा होता. गाव उठवायचं ठरलं, तर माणसांची घरं पुन्हा कशी बांधायची? आणि ती बांधायची कुणी? म्हणून त्यांची जीवनकहाणी आपल्या घरात वाचली जावी असं वाटतं.

जमीनदाराचा मुलगा

हसन फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया शहरात झाला. घर सधन, शेतजमीन भरपूर. पण वालिदांना खेड्याचा तिटकारा होता. खेडं म्हणजे माश्या, घाण आणि रोगराई, असा त्यांचा समज. त्यामुळे मुलांना कधी शेतावर नेलं नाही. आईला मात्र खेड्याची ओढ होती. तिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींमधून हसन यांच्या मनात गावाचं एक गोड चित्र तयार झालं.

कैरोमध्ये शिक्षण घेऊन १९२६ साली ते वास्तुविशारद झाले. स्वतःच्या कुटुंबाच्या शेतावर त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा त्यांचं वय २७ वर्षांचं होतं. समोर जे दिसलं ते आईच्या गोष्टींसारखं नव्हतं. शेतमजूर अंधाऱ्या, ओलसर, बुटक्या झोपड्यांत राहत होते. ज्यांच्या घामावर आपलं घर चालतं त्यांना धड छप्पर नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली ती कायमचीच.

त्या काळातले शिकलेले वास्तुविशारद युरोपकडे बघत होते. सिमेंट, लोखंड आणि काच म्हणजे प्रगती, असा सगळ्यांचा हिशेब. फतहींनी हिशेब उलटा मांडला. गरीब शेतकऱ्याला सिमेंट आणि लोखंड विकत घ्यावं लागतं, माती मात्र त्याच्या पायाखाली फुकट आहे. मग मातीचंच चांगलं घर का बांधू नये? १९३० च्या दशकाच्या शेवटी ते मातीच्या विटांच्या घरांचे आराखडे काढू लागले.

छप्पर कोसळलं

अडचण भिंतीची नव्हती, छपराची होती. हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. सोलापूरकडची जुनी माळवदाची घरं आठवा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलच्या आणि त्यावर मातीचा थर. आत उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. पण या सगळ्याचा भार लाकडावर असायचा. इजिप्तमध्ये तर लाकूड मुळातच कमी, आणि दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारं लाकूड आणि लोखंडही बंद झालं.

मग फतहींनी मातीच्या विटांचीच कमानदार छपरं बांधायला घेतली. ती कोसळली. कारण विटांची कमान उभी राहीपर्यंत खालून लाकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागतो, आणि लाकूड तर नव्हतंच. तेव्हा त्यांच्या भावाने एक माहिती दिली. हा भाऊ आस्वान धरणाच्या कामावर होता. तिकडचे नुबियन लोक सांगाड्याशिवायच घरांची छपरं रचतात, असं त्याने सांगितलं.

१९४१ साली फतही आस्वानला गेले. तिथे घर्ब आस्वान गावात त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. गावातलं प्रत्येक घर उंच, ऐसपैस आणि स्वच्छ होतं, आणि सगळ्या घरांवर मातीच्या विटांचीच कमानदार छपरं होती. गावचे गवंडी एका भिंतीवर हाताने चिखलाची वक्र रेघ ओढत. त्या रेघेवर विटांची पहिली रांग भिंतीला किंचित टेकवून लावत. पुढची प्रत्येक रांग आधीच्या रांगेवर रेलत जाई. विटेत भुसा जास्त, म्हणून ती हलकी. हातात अवजार म्हणाल तर एक वासला. नकाशा नाही, सांगाडा नाही. असे दोन गवंडी एका खोलीचं छप्पर दीड दिवसात पुरं करत.

ही कला नवी नव्हती. लक्सरजवळ रामसेस दुसरा या राजाच्या मंदिराची धान्यकोठारं अशाच विटांच्या कमानींची आहेत. त्यांना सुमारे ३,२०० वर्षं झाली, तरी त्यातल्या काही अजून उभ्या आहेत. पदवी घेतलेल्या वास्तुविशारदांना जे जमत नव्हतं ते अक्षरओळख नसलेल्या गवंड्यांना बापजाद्यांकडून मिळालं होतं. फतहींनी त्यांना उस्ताद मानलं आणि पुढे आयुष्यभर त्यांच्यासोबत काम केलं.

याच नुबियन लोकांनी विस्थापनही सोसलं होतं. आस्वानच्या जुन्या धरणाची उंची १९३३ साली दुसऱ्यांदा वाढवली गेली, तेव्हा त्यांची घरं आणि खजुराची झाडं पाण्यात गेली. तरी त्यांनी आपल्या हातांनी, आपल्या पद्धतीने उंचावर नवी गावं वसवली. पुढे १९६० च्या दशकात मोठं धरण आलं आणि इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नुबियन लोकांना कोम ओम्बोकडे हलवण्यात आलं. या वेळी घरं सरकारने बांधली, सिमेंटच्या ठोकळ्यांची, एका रांगेत, एकसारखी. आपल्याकडच्या नव्या गावठाणातले आखीव प्लॉट ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायची गरज नाही.

गुर्ना: यश की अपयश?

१९४५ साली फतहींच्या हाती मोठं काम आलं. लक्सरच्या पलीकडच्या काठावर गुर्ना नावाची वस्ती होती. सुमारे ७,००० लोक प्राचीन थडग्यांच्या वरच घरं बांधून राहत होते. अनेकांची रोजीरोटी त्या थडग्यांवर चालायची, आणि त्यात पुराणवस्तूंची चोरीही होती. एका थडग्यातलं कोरीव काम चोरीला गेलं तेव्हा मोठा गवगवा झाला. पुरातत्त्व खात्याने अख्खं गाव हलवायचं ठरवलं, ५० एकर जागा घेतली आणि नवं गाव बांधायची जबाबदारी फतहींवर सोपवली.

त्यांनी जीव ओतून काम केलं. सगळी घरं एका साच्याची नकोत, असा त्यांचा आग्रह होता. एका भाऊबंदकीची घरं एका चौकाभोवती यावीत, प्रत्येक घराला स्वतःचं अंगण असावं, असा आराखडा त्यांनी केला. बाजार, शाळा, नाट्यगृह आणि कारागिरांसाठी जागा ठेवली. गावाची मशीद तर आजही बघण्यासारखी आहे. मातीच्या विटांचा घुमट, आत गारवा आणि बाहेरून मिनारावर चढत जाणारा जिना. कुठे संगमरवर नाही, झुंबर नाही. इबादतीच्या जागेला भपक्याची गरज नसते, हे ती मशीद न बोलता सांगते.

पण तीन हंगामांनंतर, १९४८ साली, काम थांबलं. ठरलेल्या गावाचा थोडाच भाग बांधून झाला होता. सरकारी कागद वेळेवर हलत नव्हते. मध्येच १९४७ ची कॉलऱ्याची साथ आली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गुर्नाच्या लोकांना तिथे जायचंच नव्हतं. जुन्या जागेत त्यांचं पोट होतं. नव्या गावात पाणी शिरावं म्हणून कुणीतरी बांधही फोडला. घुमट आपल्याकडे कबरीवर असतो, घरावर कशाला, अशीही काहींची नाराजी होती.

इथे फतहींची चूक झाकून चालणार नाही. त्यांनी लोकांसाठी मनापासून विचार केला, पण गाव उठवायचं की नाही हे लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. घर ज्यांना सांभाळायचं त्या बायकांशी त्यांना बोलताही आलं नाही, कारण पुरुषांनी त्यांना समोर येऊ दिलं नाही. फतहींनी हे स्वतःच्या पुस्तकात कबूल केलं आहे. आराखडा कितीही सुंदर असला तरी तो लादलेल्या विस्थापनावर औषध होऊ शकत नाही, हा गुर्नाचा धडा आहे.

उशिरा आलेले पुरस्कार

यानंतरची अनेक वर्षं उपेक्षेची होती. १९५७ पासून काही वर्षं ते अथेन्समध्ये राहिले. परतल्यावर खारगाच्या वाळवंटात नवं बारीस नावाचं गाव बांधायला घेतलं, तेही १९६७ च्या युद्धामुळे अर्धवट राहिलं. पण गुर्नाची हकिगत त्यांनी लिहून काढली होती. ती १९६९ साली कैरोत छापली गेली आणि १९७३ साली शिकागोहून गरिबांसाठी वास्तुकला अशा अर्थाच्या नावाने पुन्हा निघाली. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ती वाचली. जे काम सरकारदरबारी फसलं म्हणून बाजूला पडलं होतं, ते पुस्तकातून नव्याने उभं राहिलं.

१९८० साली आगा खान वास्तुकला पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा अध्यक्षांचा विशेष पुरस्कार फतहींना मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये सुरू झालेल्या राइट लाइव्हलिहुड पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांमध्येही ते होते. १९८४ साली वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपलं पहिलं सुवर्णपदक त्यांना दिलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अब्देल वाहेद अल वकील यांनी पुढे अनेक मशिदी बांधल्या. पारंपरिक आणि अभिजात वास्तुकलेसाठी अमेरिकेत दिला जाणारा ड्रीहाउस पुरस्कार २००९ साली अल वकील यांना मिळाला. उस्तादाची विद्या शागीर्दाच्या हातून पुढे गेली ती अशी.

आगा खान पुरस्कार आपल्या महाराष्ट्रातही पोचला आहे. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या लासूर इथलं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय १९९८ साली या पुरस्काराचं मानकरी ठरलं. स्थानिक दगडाच्या भिंतींची ही साधी इमारत दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी आखली होती. समाजाने दूर लोटलेल्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीला जगाने मान दिला, ही आनंदाची गोष्ट आहे.

फतही शेवटपर्यंत कैरोच्या जुन्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या घरात राहिले. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचा इंतकाल झाला. नुबियन कमान मात्र जगभर पसरली. आज तामिळनाडूत ऑरोव्हिलला ती शिकवली जाते.

आपल्या काठावर

उजनीने सोलापूर जिल्ह्याला ऊस दिला, प्यायला पाणी दिलं. ते नाकारायचं कारण नाही. पण ज्यांची गावं गेली त्यांच्या घरांबरोबर घर बांधण्याचं एक ज्ञानही पाण्याखाली गेलं. माळवद घालणारे हात आता फार थोडे उरलेत. त्याच्या जागी पत्रा आला. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसलेल्या आजीला विचारा, ती फरक सांगेल.

सगळ्यांनी पुन्हा मातीच्या घरात राहायला जावं, असं कुणी म्हणणार नाही. पण घरकुल मंजूर झालं की आराखड्यावर सही करण्याआधी घरातल्या बायकांना विचारता येतं, खिडकी कुठे हवी, चूल कुठे, सावली कुठे. गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला विचारता येतं, वारा कुठून येतो. गुर्नात जे राहून गेलं ते एवढंच होतं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा मुलांना काठावर घेऊन जा. आजोबांना सोबत घ्या. भिंत कशी रचली, माती कुठून आणली, गवंडी कोण होता, हे विचारून वहीत लिहून ठेवा. ते सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत.