सेनापती बापट: कंपनी आणि धरणाविरुद्ध उभा राहिलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

गुहागर तालुक्यातलं हेदवी दशभुज गणेशासाठी आणि बामणघळीसाठी ओळखलं जातं. याच तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या किनाऱ्यावर 1990 च्या दशकात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला. जमीन, मासेमारी, खाडीचं पाणी यांचं काय होणार, असं विचारणाऱ्या गावकऱ्यांना अटका झाल्या. वीज तर हवी, पण तिची किंमत कोणी मोजायची? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. सत्तर वर्षांपूर्वी तो मुळशीत विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्यांच्या पुढे असलेल्या माणसाचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचंच होतं.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे इंग्रज राजवटीविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, सावरकरांची ओळख, आणि पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बचं शिक्षण. भारतात परतल्यावर काही वर्षं भूमिगत राहणं, अटक आणि सुटका हे सगळं झालं. पारनेरला असताना हा विलायत पाहिलेला माणूस झाडू घेऊन गावातले रस्ते साफ करायचा.

आता मुळशीकडे. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि शहर धुरात गुदमरत होतं. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून, ते पाणी कोकणात खाली सोडून वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते 1904 मध्ये वारले, पण 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. आजच्या भाषेत ही स्वच्छ ऊर्जाच, आणि टाटांची कंपनी त्या काळातली सर्वांत सुधारलेली कंपनी मानली जाई. मुळशीचं प्रकरण अवघड आहे ते यामुळेच. समोर कोणी लुटारू असता तर बाजू घेणं सोपं होतं.

पुढचं धरण नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ ठरलं. त्यात सुमारे 50 गावांची जमीन जाणार होती, तीही आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं. जमीन ताब्यात येण्याआधीच शेतात चाचणीचे चर खणले जाऊ लागले. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला.

पेच नुसता कंपनी आणि शेतकरी असा नव्हता. बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारे मावळे त्यांची कुळं. नुकसानभरपाई मिळाली तर ती कागदावर नाव असलेल्याला, आणि घर बुडणार ते कुळाचं. त्यामुळे सावकार लवकरच भरपाईच्या बोलणीवर आले. मावळ्यांना पैसे नको होते, जमीन हवी होती.

16 एप्रिल 1921, रामनवमी. सुमारे 1200 मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झालं, तसा लढाही पुन्हा पेटला. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते होते, पण सगळ्यांत पुढे बापट. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते इथूनच. या काळात ते अनेकदा तुरुंगात गेले.

शेवटी सावकार गळाले, पाठिंबा आटला, धरण वर चढत राहिलं. डिसेंबर 1924 मध्ये बापट आणि त्यांच्या साथीदारांनी बांधकामाची रेल्वेगाडी अडवली, तीही हातात शस्त्रं घेऊन. बापट याला शुद्ध सत्याग्रहच मानत. गांधींच्या अहिंसेत ते बसणारं नव्हतं, आणि गाडीवर साधे कामगार होते, हेही विसरून चालणार नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते आत असतानाच, 1927 मध्ये, भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

लढा हरला. त्यानंतर कायद्याने किती अंतर कापलं?

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पर्यावरण रक्षण त्या यादीत आहे. मात्र दुसऱ्या कायद्याने कंपनीवर आधीच असलेलं बंधन यात मोजता येत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करणं कायद्यानेच बंधनकारक असेल, तर तो खर्च सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे 2 टक्के हा नफा झाल्यानंतरचा हिशोब. मुळशीत भांडण होतं ते नफा कशातून होतो यावर.

त्या भांडणाच्या जवळ जाणारा कायदा वेगळा आहे. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते. पण ही संमती मुख्यतः जमीनमालकांची मोजतात. कुळं आणि शेतमजूर पुनर्वसनाला पात्र ठरतात, संमतीच्या मोजणीत नाही. मुळशीचा मावळा तिथे अजून बाहेरच आहे.

बापट 1931 मध्ये सुटले, पुन्हा तुरुंगात गेले. 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही ते होते. 28 नोव्हेंबर 1967 रोजी त्यांचं निधन झालं. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. मुळशीचं पाणी आजही सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि कुंडलिका नदीतून कोकणात वाहून जातं.