पाना हाती येण्याआधी

दहावीनंतर तुम्ही आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतला असेल किंवा ओळखीच्या गॅरेजवर काम शिकायला जात असाल, तर सुरुवातीचे दिवस कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. चहा आणा, पार्ट धुवा, फरशीवरचं ऑइल पुसा, ‘बारा-तेराचा पाना दे’ अशी हाक आली की पळा. इंजिन उस्ताद उघडणार, तुम्ही फक्त बॅटरी धरून उभं राहायचं. संध्याकाळी घरचे विचारतात, आज काय शिकलास? आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही.

म्हणून आज एका अशाच पोराची गोष्ट. गाडीला हात लावणं सोडाच, त्याला कित्येक महिने मालकाचं तान्हं बाळ पाठीला बांधून फिरावं लागलं. त्याचं नाव सोइचिरो होंडा. हो, तुमच्या गॅरेजवर रोज ज्यांच्या गाड्या सर्व्हिसिंगला येतात, तेच होंडा.

सोइचिरोचा जन्म 17 नोव्हेंबर 1906 चा, जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार, पुढे सायकलींची दुरुस्तीही करायला लागले. शाळेत पोराचं फारसं लक्ष नव्हतं. गावात पहिल्यांदा मोटार आली, तेव्हा हा तिच्यामागे धावत सुटला आणि तिच्यातून सांडलेल्या तेलाचा वास घेत बसला. शाळा संपता संपता एका मासिकात त्याने टोकियोच्या ‘आर्ट शोकाई’ या मोटार दुरुस्तीच्या दुकानाची जाहिरात पाहिली. शिकाऊ म्हणून घ्याल का, असं पत्र टाकलं. होकार आला आणि 1922 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो वडिलांबरोबर टोकियोला पोहोचला.

तिथे हातात पाना नाही, फडकं आलं. झाडलोट करायची आणि मालकाचं मूल सांभाळायचं. जुने कारागीर टिंगल करायचे. पळून जावं असंही त्याच्या मनात आलं. पण वडिलांना काय तोंड दाखवणार? तो राहिला. बाळ पाठीवर असलं तरी डोळे मोकळे होते. कारागीर काय उघडतात, कुठल्या क्रमाने, परत कसं बसवतात, हे तो बघत राहिला. एके दिवशी बर्फ पडत होता, कामाचा ढीग साचला होता आणि मालकाने त्याला मदतीला हाक मारली. बर्फाचं पाणी ठिबकत असलेल्या गाडीखाली तो आडवा झाला. बघून ठेवलेलं त्या दिवशी कामाला आलं.

1 सप्टेंबर 1923 ला टोकियोत मोठा भूकंप झाला. शहरभर आगी लागल्या. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या वाचवायच्या होत्या, तेव्हा सोइचिरोने आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवली. नंतर बरेच कारागीर आपापल्या गावी निघून गेले, हा मात्र थांबला. जळालेल्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचं काम दुकानाला मिळालं होतं. तेव्हा चाकांचे आरे लाकडाचे असत आणि तेही जळालेले. सगळं नव्याने घडवायचं. एवढी प्रॅक्टिस कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळाली असती?

मग मालकाने त्याला दूर मोरिओकाला आगीचा बंब दुरुस्त करायला एकट्याला पाठवलं. एवढंसं पोर पाहून तिथल्या लोकांची तोंडं उतरली. त्याने इंजिन सुटं केलं तेव्हा तर काळजी आणखी वाढली. पण बंब सुरू झाला, पाण्याचा फवारा उडाला आणि त्याच्या मुक्कामाची खोली एकदम साधीवरून चांगलीवर गेली! कारागिराचा मान असाच मिळतो, काम झाल्यावर. 1928 मध्ये, एकविसाव्या वर्षी, मालकाने त्याला हामामात्सुला दुकानाची शाखा काढून दिली.

गोष्ट इथे थांबली असती तर ‘पुस्तकं गेली खड्ड्यात, हातात कला पाहिजे’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खरी गंमत पुढे आहे.

दुकान जोरात चाललं होतं. सोइचिरोला मात्र नुसती दुरुस्ती पुरेना. त्याने पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. रात्र रात्र भट्टीसमोर बसूनही रिंग जमेना, एक तर ठिसूळ किंवा निकामी. शेवटी तो तिथल्या तंत्रशाळेतल्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी रिंग तपासली आणि निदान केलं: धातूत सिलिकॉन कमी आहे. हात कितीही सराईत असो, धातूत काय कमी आहे ते नुसत्या हाताला कळत नाही.

आता विचार करा. वय तिशीचं, लग्न झालेलं, स्वतःचं दुकान, गावात नाव. अशा माणसाने काय करावं? तो पोरांच्या वर्गात जाऊन बसला. दिवसा शाळा, नंतर काम. परीक्षा मात्र दिल्या नाहीत, म्हणून डिप्लोमा मिळाला नाही. तरीही टोयोटाला दिलेल्या 50 रिंगांपैकी तपासणीत फक्त 3 पास झाल्या. तो पुन्हा शिकत राहिला आणि शेवटी कंपन्यांना चालणारा माल बनवू लागला.

युद्धानंतर 1946 मध्ये त्याने लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं घेतली आणि सायकलींना जोडली. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून घरातली गरम पाण्याची बाटली लावली होती. 1948 मध्ये होंडा मोटर कंपनी सुरू झाली. 1961 मध्ये तिच्या मोटारसायकलींनी आइल ऑफ मॅनची जगप्रसिद्ध शर्यत जिंकली. 1984 मध्ये पुण्याच्या कायनेटिकबरोबर भागीदारी झाली आणि ‘कायनेटिक होंडा’ आपल्या रस्त्यांवर आली. तुमच्या आईने किंवा मावशीने कदाचित तीच चालवली असेल.

1973 मध्ये होंडा निवृत्त झाले आणि कामगारांचे आभार मानायला देशभर फिरले. एका ठिकाणी एका कामगाराने हात पुढे केला आणि ऑइलने माखलाय म्हणून मागे घेतला. होंडांनी तोच हात हातात घेतला. 5 ऑगस्ट 1991 ला ते गेले.

आज बीएस-6 गाडी स्कॅनर लावल्याशिवाय आपलं दुखणं सांगत नाही आणि इलेक्ट्रिक गाडीत तर पिस्टनच नाही. म्हणजे उस्तादाच्या हाताकडे बघणंही तुम्हाला सुटणार नाही आणि वायरिंगचा नकाशा वाचणंही. थिअरीच्या तासाला दांडी मारावीशी वाटली, की वर्गात बसलेला तो तिशीचा मेकॅनिक आठवा. आणि उद्या परत फडकंच हातात आलं, तर पुसता पुसता बघून ठेवा, आत कुठला पार्ट कसा बसलाय.