चोर येऊन गेला हे मालकाला सांगणारं कुलूप: आर्देशिर गोदरेज यांची गोष्ट

आजचा लेख मोबाइलवर नाही, तरी शेवटी मोबाइलपर्यंत येतोच. सुरुवात मात्र आमच्या मुखेडच्या बाजारातून.

मागच्या वर्षी आठवडी बाजारातून पप्पांची गाडी चोरीला गेली. गाडीला अलार्म होता, बाहेरून बसवून घेतलेला. चोर गाडीला हात लावत होता तेव्हा तो वाजलाही. पण शेजारून बस गेली तरी वाजणारा, मांजर बसलं तरी वाजणारा तो अलार्म. समोरच्या भाजीवाल्या मावशींनी आवाज ऐकला आणि मान वर न करता कोथिंबीर बांधत राहिल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. रोज बोंबलणाऱ्या गाडीकडे कोण बघणार? गाडी गेली, हप्ते मात्र चालू राहिले.

तेव्हापासून मी अलार्मबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट नावाची स्पोर्ट्स कार आहे. १९६८च्या मॉडेलला कंपनीतूनच चोरीचा अलार्म मिळायचा, वेगळे पैसे देऊन. गाडीच्या मागच्या बाजूला किल्ली फिरवून तो चालू करायचा आणि मग कुणी दार किंवा बॉनेट उघडलं की तो ओरडायचा. १९७२पासून तो प्रत्येक कॉर्व्हेटला आला. तरी गाड्या जातच राहिल्या, कारण आवाज काढणं वेगळं आणि गाडी अडवून धरणं वेगळं. शेवटी १९८६मध्ये कंपनीने किल्लीतच एक छोटा रेझिस्टर बसवला, पंधरा वेगवेगळ्या किमतींपैकी एक. किल्लीचे दात जुळले पण रेझिस्टर जुळला नाही, तर गाडी सुरूच होणार नाही आणि काही मिनिटं तुम्हाला थांबवूनही ठेवणार.

हे वाचताना मला वाटलं, हा विचार आपल्याकडे कुणी केलाच नसेल का? तर केला होता. तोही मोटारी आपल्या रस्त्यांवर नीट दिसायच्या आधीपासून, आणि तो माणूस मुंबईचा. नाव तुमच्या घरातल्या कपाटावर लिहिलेलं असेल.

आर्देशिर गोदरेज यांचा जन्म १८६८चा, पारशी कुटुंबातला. लग्नानंतर थोड्याच काळात, १८९१मध्ये, त्यांची पत्नी बचुबाई मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून पडून गेली. सोबत नात्यातली आणखी एक मुलगी होती, तीही गेली. त्या प्रकरणाने तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. आर्देशिर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

शिक्षण वकिलीचं. १८९४मध्ये एका खटल्यासाठी ते आफ्रिकेतल्या झांजीबारला गेले आणि तिथे अडकले ते स्वतःच्याच स्वभावामुळे. अशिलासाठी खरं-खोटं फिरवून मांडावं लागेल हे लक्षात आल्यावर त्यांनी वकिलीच सोडली. आज आपण करिअर स्विच म्हणतो तसं गोड काही नव्हतं ते. परत आले तेव्हा हातात काम नव्हतं. एका औषधांच्या दुकानात मदतनीस झाले.

मग ऑपरेशनची हत्यारं बनवायचा धंदा काढला. माल चांगला निघाला, विकत घेणारी इंग्रज कंपनीही मिळाली. पण त्या कंपनीला मालावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता आणि यांना तो हवाच होता. धंदा तिथेच बसला. मला विचाराल तर शिक्का सोडून दिला असता तर पैसे मिळाले असते. पण मग त्यांच्याबद्दल मी लिहायलाही बसलो नसतो.

दोनदा हरलेल्या या माणसाने पेपरमध्ये मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचली आणि कुलपं बनवायचं ठरवलं. घरच्यांचे ओळखीचे मेरवानजी कामा यांनी पैसे दिले. ७ मे १८९७ला लालबागजवळ एका छोट्या शेडमध्ये काम सुरू झालं. कामांचा भाचा बॉईस थोडे दिवस भागीदार होता. तो लवकरच बाहेर पडला, नाव मात्र आजही कंपनीला चिकटलेलं आहे. नंतर धाकटे भाऊ पिरोजशा सोबत आले.

आता कुलपाच्या पोटात काय असतं ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे. लिव्हर कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात. किल्लीचा प्रत्येक दात एकेक पट्टी उचलतो. सगळ्या पट्ट्या बरोब्बर ठरलेल्या उंचीला आल्या तरच मधली वाट मोकळी होते आणि बोल्ट सरकतो. एक पट्टी जरा कमी उचलली की अडकलं, जरा जास्त उचलली तरी अडकलं. म्हणजे हा लोखंडाचा पासवर्डच. पट्ट्या पुन्हा खाली बसाव्यात म्हणून प्रत्येकीला बारीक स्प्रिंग असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती गंजते, मोडते, आणि मग खुद्द मालकच दाराबाहेर उभा. आर्देशिर यांनी ही स्प्रिंगच काढून टाकली आणि बिनस्प्रिंगच्या कुलपाचं पेटंट घेतलं. मोडणारा भाग दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो भागच नको, हा विचार मला सगळ्यात आवडला.

त्यांचं आणखी एक कुलूप होतं, गॉर्डियन नावाचं. त्याला दोन किल्ल्या. दोन्हींनी उघड-बंद व्हायचं. पण त्यातल्या एका किल्लीने कुलपाची आतली रचना बदलता यायची आणि मग दुसरी किल्ली कायमची निकामी. नोकराला किंवा भागीदाराला दिलेली किल्ली परत मागायची गरजच नाही. तुम्ही जुना फोन विकल्यावर सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट करता ना, तेच काम शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लोखंडात.

आणि आता ते कुलूप, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. डिटेक्टर. मूळ कल्पना इंग्लंडची, चब नावाच्या कारागिराने १८१८मध्ये आणलेली. आर्देशिर यांनी ती इथे बनवली. चुकीची किल्ली घालून कुणी फिरवली की आतला एक बोल्ट सुटायचा आणि कुलूप स्वतःला अडकवून घ्यायचं. आवाज नाही, बोंबाबोंब नाही. रात्री मालक आला, आपली खरी किल्ली लावली, तर पहिल्या फटक्यात उघडायचं नाही. आधी किल्ली फिरवून ती अडक सोडवायची, मगच उघडायचं. तेवढ्यावरून मालकाला कळायचं की मागे कुणीतरी येऊन प्रयत्न करून गेलंय. चुकीचा पॅटर्न पाच वेळा टाकल्यावर फोन गप्प होऊन थांबायला लावतो, कुणी नवीन ठिकाणाहून लॉगिन केलं की फक्त तुम्हालाच मेल येतो, त्याच जातीची ही गोष्ट. बॅटरी नव्हती, वायर नव्हती, आणि खबर नेमक्या माणसालाच जायची.

कुलपांनंतर तिजोऱ्या आल्या. पत्रा वाकवून, सांधे वेल्डिंगने जोडून ते पेटी बनवायचे. दार दुहेरी आणि कुलूप आतल्या पत्र्याला, म्हणजे बाहेरून हातोडा मारला तरी कुलपाला धक्का लागायला नको.

कुलूपवाला माणूस साबणाकडे कसा वळला हे मला आधी कळलंच नव्हतं. तेव्हाच्या साबणात जनावरांची चरबी असायची. यांनी वनस्पती तेलाचा साबण बनवून दाखवला, आणि साबणाचं नाव ठेवलं छावी, म्हणजे किल्ली. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळातले ३ लाख, हे लक्षात घ्या.

उतारवयात धंदा पिरोजशांच्या हाती देऊन ते नाशिककडे शेती करायला गेले. १९३६मध्ये वारले. मूलबाळ नव्हतं. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीत स्फोटकांनी भरलेलं फोर्ट स्टायकिन जहाज फुटलं आणि मोठी आग लागली. त्या आगीतून त्यांच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत निघाली. हे बघायला ते नव्हते. पुढे देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्याने लाखो मतपेट्या बनवल्या, त्याही कुलूपवाल्या.

आमची गाडी काही मिळाली नाही. पप्पांनी सेकंडहँड घेतली आहे. तिला आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म होता, तो मी वायर कापून काढून टाकला. पुढच्या चाकाला आता जाड साखळी आणि लिव्हरचं कुलूप. किल्ल्या दोन आहेत. दुसरी कुणाकडे ठेवायची यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.