केरूनाना छत्रे : आकाशाशी ताळा घेणारा गणिती

यंदा फिजिक्सच्या तासाला आम्ही अणुघड्याळ शिकलो. सिझियम अणूच्या ठरावीक लहरींची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं मोजली की एक सेकंद होतो. सेकंदाची ही व्याख्या १९६७ सालची. त्याआधी १९५५ मध्ये इंग्लंडात लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी केलेलं सिझियम घड्याळ सुमारे ३०० वर्षांत एका सेकंदाने चुकेल असं होतं. आजची सर्वोत्तम घड्याळं तर विश्वाच्या वयाइतक्या काळातही सेकंदभर चुकणार नाहीत. इतकं नेमकं मोजून करायचं काय, हा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर मला केरो लक्ष्मण छत्रे यांच्या चरित्रात सापडलं.

केरूनानांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागाव इथला. मुंबईत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते गणित आणि खगोलशास्त्र शिकले आणि अगदी कोवळ्या वयात कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. ही वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली, तीच मुळी मुंबई बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. समुद्रावर घड्याळ चुकलं की जहाज कुठे आहे हेच कळत नाही. रोज एका सेकंदाची चूक वर्षात सहा मिनिटांची होते, हा हिशोब केरूनानांच्या अंगात तिथेच मुरला असावा.

पुढे ते पुण्यात शिकवू लागले. मराठीतून शाळेची पुस्तकं लिहिली. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. पण त्यांचं मोठं काम पंचांगाचं. आपल्याकडची पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत. सोळाव्या शतकातला हा ग्रंथ उत्तमच, पण तीनशे वर्षांत बारीक बारीक चुका साचत गेल्या. ग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि आकाशात दुसरीच, असं होऊ लागलं. केरूनानांनी नवं गणित वापरून १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत छापली. मग आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्याने १८६५ पासून नवं पंचांग सुरू केलं. तेच पटवर्धनी पंचांग.

त्यात संक्रांत सुमारे चार दिवस आधी येई, अधिक महिनाही कधीकधी वेगळा पडे. लोक बिचकले, आणि फार थोड्यांनी ते घेतलं. आम्ही उकव्याचे. आमच्याकडे शेजाऱ्यांचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आमचा पंधरा दिवसांनी, अमावास्येनंतर. भिंतीवर जबलपूरचं लाला रामस्वरूप आणि मराठी कॅलेंडर शेजारी शेजारी टांगलेलं असतं, पण आजी आपला सोमवार हलू देत नाही. सणाचा दिवस हलवायला सांगणं म्हणजे काय, हे मला घरातच कळतं. केरूनाना स्वतः परंपरेतले होते, तरीही त्यांनी ते सांगितलं. १८८४ मध्ये ते वारले, तेव्हाही बहुतेक घरांत जुनंच पंचांग होतं. पुढे टिळकांनी तो धागा उचलला, आणि टिळक पंचांग मानणारी घरं आजही १० जानेवारीच्या आसपास संक्रांत करतात.

अणुघड्याळाची गोष्टही अशीच आहे. माणसाने हजारो वर्षं पृथ्वीच्या फिरण्यालाच घड्याळ मानलं. घड्याळं सुधारली तेव्हा कळलं, की पृथ्वीच थोडी अडखळत फिरते. मग सेकंद अणूवर बेतावा लागला. आता तर सेंटीमीटरभर उंचीच्या फरकानेही वेळ बदलते, हे मोजता येतं. म्हणजे आमच्या मँगनीजच्या खाणीत खाली ठेवलेलं घड्याळ वरच्यापेक्षा किंचित हळू चालेल! अचूक मोजलं की आपण पक्कं धरून बसलेलं काहीतरी हलतं. ते हललेलं लोकांना सांगायचं धैर्य लागतं, आणि ते केरूनानांकडे होतं.