गिटार न वाजवणारा लिओ फेंडर आणि वाकणारी नेक

मागच्या पावसाळ्यात माझ्या बेस गिटारची नेक वाकली. नेक म्हणजे गिटारची लांब मान, जिच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात. सेकंडहँड घेतलेला बेस, पुण्यातली जुलैची दमट हवा आणि महिनाभर बॅगेत बंद. बाहेर काढला तर तारा इतक्या वर गेलेल्या, की दाबून दाबून बोटं दुखायला लागली. मला वाटलं, संपलं, पैसे पाण्यात. मग कळलं की नेकच्या आत स्टीलची एक सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. छोट्या पान्याने ती थोडी फिरवली की नेक परत सरळ होते.

गंमत म्हणजे ज्या माणसाने इलेक्ट्रिक बेस जगभर पोहोचवला, त्याला आपल्या गिटारमध्ये ही सळई नकोच होती. त्याचं नाव लिओ फेंडर. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

रेडिओ दुरुस्त करणारा अकाउंटंट

लिओचा जन्म 10 ऑगस्ट 1909 चा. कॅलिफोर्नियात अॅनाहाइमजवळ आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठ वर्षांचा असताना गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. पुढे एका नातेवाइकाने रेडिओचे जुने पार्ट्स पाठवले आणि पोरगं त्यातच रमलं. इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स त्याने कधीच केला नाही. कॉलेजात शिकला अकाउंटिंग आणि नोकरीही हिशेब लिहिण्याचीच केली.

मंदीच्या काळात ती नोकरी गेली. 1938 मध्ये त्याने 600 डॉलर उसने घेतले आणि फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक मंडळी आपले अॅम्प्लिफायर घेऊन यायची. काय बिघडतं, कुठे बिघडतं, हे लिओ रोज उघडून बघत होता. त्यातूनच 1946 मध्ये त्याची गिटार आणि अॅम्प्लिफायर बनवणारी कंपनी उभी राहिली.

लहानपणी तो पियानो आणि सॅक्सोफोन शिकला होता, पण गिटार त्याला वाजवता येत नव्हती. साधी सुरात लावताही येत नव्हती! तो गिटारकडे मेकॅनिकच्या नजरेने बघायचा. त्याआधीच्या चांगल्या गिटारची नेक सरसने चिकटवलेली असायची. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. आपण फोनची बॅटरी बदलायचो ना, अगदी तसंच.

"वाकणार नाही" हा हट्ट

1950 मध्ये त्याची एस्क्वायर नावाची गिटार आली. नेक मेपलच्या लाकडाची. मेपल कडक असतं, त्यामुळे ते वाकणार नाही आणि आत सळई घालायची गरज नाही, असं लिओचं ठाम मत होतं. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांच्या नावावर अशा सळईचं पेटंट 1923 पासूनच होतं. म्हणजे उपाय माहीत नव्हता असं नाही. लिओला तो अनावश्यक वाटत होता, इतकंच.

विक्रीचं काम बघणारा डॉन रँडल मात्र अडून बसला. लिओ वर्कशॉपमध्ये असायचा आणि रँडल दुकानदारांमध्ये फिरायचा. अमेरिकेत एकीकडे दमट दक्षिण आहे, तर दुसरीकडे हिवाळ्यात हीटरने कोरडी पडणारी घरं आहेत. लाकूड ओलावा शोषतं आणि सोडतं. पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगून अडकतं, त्याचंच हे दुसरं रूप. सळई नसलेल्या सुरुवातीच्या काही गिटारच्या नेक खरंच वाकल्या आणि बदलून द्याव्या लागल्या.

शेवटी लिओने ऐकलं. 1950 संपायच्या आत त्याच्या गिटारमध्ये ट्रस रॉड आला. नेकला मागून खाच पाडायची, सळई बसवायची आणि वरून अक्रोडाच्या लाकडाची पट्टी लावून खाच बंद करायची. जुन्या फेंडरच्या पाठीवर दिसणारी गडद रेघ म्हणजे हीच पट्टी.

आणि मग बेस

त्याने वेळेवर ऐकलं हे किती बरं झालं, ते पुढच्याच वर्षी कळलं. तेव्हा बँडमधले बेस वादक माणसाएवढा उभा बेस वाहून न्यायचे आणि ड्रम्सच्या आवाजात तो धड ऐकूही यायचा नाही. 1930 च्या दशकात पॉल टटमार्क यांनी इलेक्ट्रिक बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. 1951 मध्ये लिओने प्रिसिजन बेस आणला. फ्रेट असल्यामुळे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागायचा, म्हणून हे नाव.

पण जाड सूर हवा तर तार लांब आणि जाड हवी. त्याच्या गिटारवर तारेची लांबी साडेपंचवीस इंच होती, बेसवर ती 34 इंच झाली. बेसच्या चार तारांचा एकत्र ताण साधारण 75 किलोच्या आसपास जातो. म्हणजे एक मोठा माणूस नेकला चोवीस तास ओढतोय असं समजा. सळईशिवाय एवढी लांब, बारीक नेक टिकवणं अवघडच होतं.

सळई नेमकं काय करते?

धनुष्य आठवा. दोरी ओढली की काठी वाकते. तारा नेकला तशाच पुढे वाकवतात. आतली सळई घट्ट केली की ती नेकला उलट्या बाजूला रेटते. दोन्ही जोर जमले की नेक जवळजवळ सरळ राहते.

स्वतः तपासायचं तर आधी बेस सुरात लावा. मग एकच तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकदम दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी, म्हणजे साधारण 0.3 मिलिमीटर, फट ठीक. जास्त असेल तर नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा. फटच नसेल आणि तारा फ्रेटवर खरखरत असतील, तर उलट दिशेने थोडी सैल करा. नट अडला तर जोर लावू नका, सळई तुटू शकते. तिथे सरळ कारागिराकडे जायचं.

शेवटपर्यंत वर्कशॉपमध्ये

1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तब्येत साथ देईना म्हणून 1965 मध्ये लिओने कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. पुढे तो बरा झाला आणि परत कामाला लागला, आधी म्युझिक मॅन आणि मग जी अँड एल. जी अँड एलमध्ये त्याने नेक उभी चिरायची, आत ट्रस रॉड बसवायचा आणि दोन्ही भाग परत चिकटवायचे, अशी पद्धत आणली. ज्याला सळई नको होती, तोच म्हातारपणी ती आणखी चांगली कशी बसेल याच्या मागे लागला होता. पार्किन्सन्सने हात साथ देईनासे झाले तरी तो वर्कशॉपमध्ये येत राहिला. 21 मार्च 1991 ला तो गेला.

माझा बेस अर्ध्या फेऱ्यात सरळ झाला. त्याच आठवड्यात आमच्या टेस्टरने एक बग दाखवला होता. जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर आमचं अॅप बंद पडत होतं. माझं उत्तर ठरलेलं होतं: माझ्याकडे तर चालतंय. सोमवारी मी तिच्या डेस्कपाशी गेलो आणि तो जुना फोन मागून घेतला.