पिनकोड देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर

आज मी तुम्हाला श्रीराम भिकाजी वेलणकर यांची माहिती सांगणार आहे. मला त्यांचे नाव गुरुजींनी सांगितले. तेही माझ्या हातून चूक झाली म्हणून.

झाले असे, की माझी आत्या नागपूरला राहते. राखी पाठवायला तिने फोनवर आमचा पत्ता विचारला. आमच्या गोरेगावचा पिनकोड ४४१८०१ आहे. मी घाईघाईत ४११८०१ सांगितला. राखीपौर्णिमेला बाबा बांधीतून लवकर आले, पाय धुऊन ओट्यावर बसले. अंधार पडेपर्यंत बसले. राखी आलीच नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी पाकीट आले, त्यावर दोन-तीन शिक्के होते. आकडे वाचले आणि मला रडूच आले.

मी ते पाकीट शाळेत नेले. गुरुजींनी फळ्यावर सहा आकडे लिहून समजावले. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. म्हणून शेजारच्या बालाघाटचा पिनकोडही ४ नेच सुरू होतो. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठे वेगळे करायचे ते कळते. शेवटचे तीन म्हणजे आपले पोस्ट. ४४१ मध्ये आपला गोंदिया-भंडारा येतो आणि ४११ म्हणजे पुणे! एक आकडा इकडचा तिकडे झाला, की राखी निघाली पुण्याला. ९ हा आकडा फौजेच्या टपालाला ठेवला आहे.

ही युक्ती वेलणकरांची. त्यांचा जन्म १९१५ साली झाला. ते टपाल खात्यात फार मोठे अधिकारी होते. आपल्या देशात एकाच नावाची कितीतरी गावे आहेत. आता गोरेगावच बघा ना, एक आपल्याकडे आणि एक मुंबईत. त्यात कोणी पत्ता मराठीत लिहितो, कोणी तमिळमध्ये, कोणी बंगालीत. सगळ्या लिपी पोस्टातल्या माणसाला कशा वाचता येणार? पण आकडे सगळ्यांना येतात. १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली त्या दिवशी, पिनकोड सुरू झाला. पुढच्याच वर्षी दिल्लीला तिकिटांचे जागतिक प्रदर्शन भरले. त्याचेही ते अध्यक्ष होते. १९७३ च्या शेवटी ते नोकरीतून निवृत्त झाले.

मला वाटले होते, एवढे आकड्यांचे काम करणारा माणूस गणिताचाच असेल. पण ते संस्कृतचे कवी होते! त्यांनी संस्कृतमध्ये नाटकेही लिहिली. मुंबईत देववाणी मंदिरम् नावाची संस्था काढली. १९९६ साली त्यांना संस्कृतसाठी राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. १९९९ साली मुंबईत ते वारले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते.

उशिरा आलेली राखी बाबांनी जपून ठेवली होती. पोळ्याच्या दिवशी आधी बैलांना सजवले, मग त्यांनी हात पुढे केला. आत्याच्या वतीने मीच ती बांधली. आता आमच्या दारामागे मी खडूने ४४१८०१ लिहून ठेवले आहे. पावसाने पुसले, की परत लिहिते.